संत्र्याला दिलेला ताण

तुळशीरामबाबूंच्या अंगणातलं संत्र्याचं झाड इतकं देखणं होतं की घरी आलेला पाहुणा आधी त्याच्याकडे बघे आणि मग घरातल्या माणसांकडे. गर्द हिरवं, गोल, पानावर डाग नाही, खोडावर डिंक नाही. फक्त एक काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. फळ दिलं नव्हतं. एक फूलसुद्धा नाही. पांढुर्ण्यासारख्या गावात, जिथून हिवाळाभर संत्र्याच्या पेट्या आगगाडीनं बाहेर जातात, असलं झाड बाळगणं म्हणजे पोस्टमनच्या घरी पत्र न येण्यासारखं होतं. पण बाबूंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

बाबू नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर बसत. दिवसभर लोकांची लेकरं लिहून घ्यायची, लोकांचे म्हातारे लिहून घ्यायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन झाडाखाली खाट टाकून चहा घ्यायचा, एवढा त्यांचा संसार. घरात दोघंच, ते आणि प्रमिलाबाई. मूलबाळ नव्हतं. झाड प्रमिलाबाईंनीच लावलेलं होतं, बाबूंची आई वारली त्या साली. धुण्याचा दगड झाडाच्या बुंध्याशी, न्हाणीचं पाणी तिकडेच जाणार, तांदळाचं धुवण तिकडेच. झाडाची चैन होती, दुसरं काय. प्रमिलाबाई दुपारी तिथेच बसून तांदूळ निवडत आणि उगाच पानांना हात लावत. एवढ्यावर सगळं बरं चाललं होतं.

पंच्याऐंशी सालच्या संक्रांतीला ते बिघडलं. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या होत्या आणि बाबू, अशा वेळी पुरुषांनी जसं करायचं असतं तसं, आतल्या खोलीत बनियनवर लपून बसले होते. समोरच्या घरातल्या शोभाबाईंनी झाडाकडे वर बघितलं आणि म्हणाल्या, "झाड अंगानं तं लय भरलं बाई. पण वांझच निघालं."

शोभाबाई वाईट नव्हत्या. बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. सगळ्या बायकांना एकाएकी आपापल्या बांगड्या बघायच्या होत्या. कोणी प्रमिलाबाईंकडे बघेना. प्रमिलाबाईंनी तीळगुळाची वाटी पुढे केली आणि "घ्या ना, शोभाताई" म्हणाल्या. आवाजात काही फरक नव्हता. पण आतल्या खोलीत बाबूंनी सगळं ऐकलं होतं. तो शब्द झाडाला लागला नव्हता, हे त्यांना कळत होतं. तो त्यांच्या बायकोला लागला होता, आणि त्यांना स्वतःलाही, पण स्वतःचं मनावर घ्यायची त्यांना सवय नव्हती.

आता करायचं काय? शोभाबाईंशी भांडता येत नाही. बायकांच्या बोलण्यात पुरुषानं पडलं की गल्ली हसते. बायकोच्या बाबतीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, निदान बाबूंची तशी समजूत होती. मग उरलं झाड. झाडाला फळ आणता येतं. आख्खा तालुका आणतो. या साली झाडाला संत्रे लागले पाहिजेत, टोपलीभर संत्रे गल्लीत वाटायचे, आणि पहिला संत्रा शोभाबाईंच्या हातावर ठेवायचा, असं बाबूंनी बनियनवरच ठरवलं. प्रमिलाबाईंना सांगायचं नाही, हेही ठरवलं. अचानक दाखवलं म्हणजे आनंद मोठा होतो, असा त्यांचा हिशेब होता.

सल्ल्यासाठी ते गल्लीतल्याच नत्थूजींकडे गेले. नत्थूजींची तिगावला संत्र्याची बाग होती आणि हे कलम त्यांच्याच बागेतून आलेलं. त्यामुळे त्या झाडाचं रिकामं राहणं हा त्यांच्या घराण्याचा अपमान होता आणि ते इतकी वर्षं तो गिळून होते. आता बाबूंनी विषय काढल्यावर त्यांना मोकळं वाटलं. त्यांचं म्हणणं असं की दोष झाडाचा नाही, लाडाचा आहे. "झाडाचं कसं असते, तुळशीरामजी," ते म्हणाले, "खाऊन-पिऊन बरं चाललं तं ते लेकराचा इचार कायले करते? त्याले भेव दाखवा लागते. आता मी मरतो, असं त्याले वाटलं पायजे. तवा ते फुलते."

यालाच ताण देणं म्हणतात आणि तिकडच्या संत्रेवाल्यांना त्यात नवल वाटत नाही. झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल झाली की बुंध्याभोवती खणून मुळ्या उघड्या करायच्या. काळ्या जमिनीत काहीजण बारीक पांढऱ्या मुळ्या छाटूनही टाकतात. चार दिवस ऊन दाखवायचं, मग शेणखत घालून माती लोटायची आणि पाणी द्यायचं. जिवावर बेतलं होतं असं समजून झाड फुलांनी भरतं. आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्यात ताण देण्याची, वेळ टळली होती, तेव्हा मृगाचा बहार धरायचा असं नत्थूजींनी सांगितलं. म्हणजे उन्हाळाभर ताण. जाताना त्यांनी बजावलं की बारीक मुळ्या छाटायच्या, जाड्या मुळीला विळासुद्धा लावायचा नाही.

इथवर थांबले असते तर ही गोष्ट सांगायला कोणी बसलं नसतं. पण बाबू सभ्य मनुष्य होते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून पुंडलिकराव गुरुजी राहत होते. गुरुजी मिडल स्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शिकवायला आता कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे प्रश्न विचारणारा मनुष्य दिसला की त्यांचे डोळे भरून येत. त्यांनी कोळसा घेतला आणि आपल्याच भिंतीवर मुळांचं चित्र काढलं. हे सोटमूळ, या उपशाखा, आणि टोकाला हे केसासारखे मूलरोम. झाड जेवतं ते या केसांनी. जाड मुळ्या म्हणजे नुसते नळ. "अन् तुमचा नत्थू म्हणते का केसच काप म्हणून," गुरुजी म्हणाले. "म्हणजे माणसाले ताण देतानी जीभ कापाची." त्यांच्या मते छाटायच्या त्या जाड्या मुळ्या, ज्या फार लांब पसरून आळशी झाल्या आहेत. पांढऱ्यांना हात लावायचा नाही.

गुरुजींच्या या मताचं एक कारण असंही होतं की झाडाची एक जाडजूड मुळी कुंपणाखालून त्यांच्या न्हाणीकडे गेली होती आणि न्हाणीची भिंत त्या बाजूला टेंगूळ आल्यासारखी उचलली होती. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. शास्त्राच्या गोष्टीत न्हाणी कशाला आणायची.

आता दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर निकाल लागला असता. पण त्या साली गल्लीत पहिला टीव्ही आला होता, तो नत्थूजींकडे, आणि त्याच्या अँटेनावर बसणारे कावळे गुरुजींच्या पापडांवर उतरत. त्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. एक सकाळी सल्ला देई, दुसरा संध्याकाळी. बाबू दोघांचं मान हलवून ऐकत. मान हलवणं हीच त्यांची नोकरी होती.

मार्चअखेर प्रमिलाबाईंना सौंसरहून माहेरचं बोलावणं आलं. भावजय स्मिता बाळंत व्हायची होती आणि घरात करणारं कोणी नव्हतं. प्रमिलाबाई दर वेळी अशा कामाला जात, आनंदानं जात, आणि परत आल्यावर काही दिवस फार कमी बोलत. बाबूंना मात्र ही चालून आलेली संधी वाटली. बायको उन्हाळाभर नाही, म्हणजे न्हाणीचं पाणीही नाही. ते स्वतः तिला बसनं पोचवायला गेले आणि तिथल्या तिथे सरकारी सल्लाही घ्यावा म्हणून फळबागांचं काम पाहणाऱ्या एका कचेरीत शिरले. कचेरीचं नाव कशाला घ्या.

तिथल्या साहेबांनी हिंदीत विचारलं की बगीचा किती एकराचा. बाबू म्हणाले एक झाड. साहेबांनी चष्मा काढला. एक झाड बगीचा होत नाही, आणि बगीचा नसेल तर सल्ला कशाच्या नावे द्यायचा? झाड शेतजमिनीत आहे असा पटवाऱ्याचा दाखला आणावा, मग बघू. बाबू पांढुर्ण्याला परत येऊन पटवाऱ्याकडे गेले. पटवारी म्हणाला जमीन आबादीची, म्हणजे गावठाणाची, आबादीत झाड असू शकतं पण संत्र्याचं झाड असू शकत नाही, निदान त्याला ते लिहिता येत नाही. दाखला देतो, पण झाड नाही असा देतो. बाबू पुन्हा साहेबांकडे गेले. एवढी पायपीट बघून साहेबांना दया आली आणि त्यांनी सरकारतर्फे एक छापील माहितीपत्रक दिलं. ते फुलकोबीवर होतं. बाबूंनी बसमध्ये ते शेवटपर्यंत वाचलं, कारण सरकारी कागद अर्धवट वाचून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ताण सुरू झाला. प्रमिलाबाई नव्हत्या तरी बाबूंना स्वतःला अंघोळ करावीच लागे, आणि ते पाणी झाडाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी उलट्या बाजूनं नाली खणली. ते पाणी शोभाबाईंच्या दारात गेलं. शोभाबाईंनी आपल्या दाराशी माती लोटली, तेव्हा ते रस्त्यावर गेलं. रस्त्यावर सांडपाणी सोडल्याबद्दल बाबूंना नगरपालिकेची नोटीस आली. ती लिहिली होती हिरामणनं, जो ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसे आणि त्यांच्या डब्यातलं लोणचं खाई. त्यानं ती हातात न देता रीतीप्रमाणे घरी पाठवली होती. बाबूंना अपमान वाटला, पण अक्षर सुवाच्य होतं हे त्यांनी मान्य केलं. मग त्यांनी अंघोळच तांब्यावर आणली. मे महिना अर्धा होईपर्यंत झाडाची पानं वळली आणि बाबूंच्या जवळ बसायला ऑफिसात कोणी तयार होईना.

खणायचा दिवस रविवारचा धरला. नत्थूजींनी खुर्ची मागवली आणि सावलीत बसले. बाबू कमरेला पंचा बांधून कुदळ घेऊन उतरले. तासाभरात गल्ली जमा झाली. माती निघत गेली तसं खाली जे दिसायला लागलं ते बघून बाबू जरा वेळ थांबले. वर जेवढं झाड होतं तेवढंच खाली दुसरं झाड होतं. मनगटाएवढ्या तांबूस मुळ्या एकमेकींच्या अंगावर हात टाकून पसरल्या होत्या, त्यांच्यातून बोटाएवढ्या, त्यांच्यातून सुतळीएवढ्या, आणि शेवटी पांढऱ्या केसांचं जाळं, मातीच्या प्रत्येक कणाला धरून बसलेलं. उपटलं की बारीक आवाज यायचा. बाबूंना तो आवाज आवडला नाही. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं त्यांना वाटलं, पण बाहेर माणसं उभी होती.

बुंध्याच्या बरोबर खाली कुदळीला काही तरी लागलं. तांब्याचे ताईत निघाले, काळ्या दोऱ्यात ओवलेले, एकाला एक बांधून केलेली जुडी. मुळ्यांनी त्यांना चारी बाजूंनी वेढून घट्ट धरलं होतं. नत्थूजी खुर्चीवरून उठले. करणी, त्यांनी जाहीर केलं, म्हणूनच झाड फळत नव्हतं, तरी मी म्हणून राहिलो. गल्लीत लगेच कोणी केली असेल यावर मतं पडली. लिंबू आणलं गेलं, उतरवलं गेलं, तिठ्यावर टाकलं गेलं. ताईत नदीत सोडायचे ठरले, पण जाम नदीत मे महिन्यात पाणी कुठलं? शेवटी ते रेतीत पुरले. बाबूंना वाटलं, जुन्या घरमालकाचे असतील. अधिक विचार त्यांनी केला नाही.

आणि मग त्यांनी छाटणी केली. सकाळी नत्थूजींच्या देखत त्यांनी पांढऱ्या बारीक मुळ्या सगळ्या छाटल्या, कारण नत्थूजी जुने बागवान होते. संध्याकाळी गुरुजी कुंपणावरून डोकावले. त्यांना जाड्या मुळ्या तशाच दिसल्या तर त्यांचा अपमान होणार होता, आणि गुरुजींनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. बाबूंनी कुऱ्हाड घेतली आणि जाड्या मुळ्या तोडल्या. गुरुजींच्या न्हाणीकडे गेलेली पहिली. फक्त एक मुळी राहिली, प्रमिलाबाईंच्या धुण्याच्या दगडाखालची, कारण तो दगड कोणालाच हलला नाही. दोन्ही शेजारी समाधानानं घरी गेले. कोणाचंही मन न दुखवता एखादं काम पूर्ण झालं की बाबूंना रात्री चांगली झोप लागे, तशी ती त्या रात्रीही लागली.

पुढे शेणखत पडलं, पाऊस पडला, आणि जूनअखेर झाड फुललं.

असं फुललं की पान दिसेना. एरवी बहार येतो तो पानांतून डोकावतो; हा तर फांदीच्या सालीतून फुटला होता, काडीकाडीवर. सगळ्या गल्लीत वास पसरला. स्टेशनाकडे जाणारे लोक वाट वाकडी करून बघायला येऊ लागले. नत्थूजी म्हणाले, आपलं कलम आहे. गुरुजी म्हणाले, शास्त्र आहे. शोभाबाईंनी स्वतः येऊन एक फूल केसात माळलं. आणि बाबू! हा मनुष्य ऑफिसात पाच वाक्यं सलग बोलत नसे, तो आता हॉटेलात बसून मुळांवर बोलू लागला. माणसानं वरवर बघू नये, खाली बघावं, अशी त्यांची सुरुवात असे. हिरामण आपल्या लिंबाचं काय करू म्हणून विचारायला आला, तेव्हा बाबूंनी नोटिशीचा राग न धरता त्याला सविस्तर सांगितलं. त्या लिंबाचं पुढे जे झालं त्यामुळे हिरामणनं त्यांचं लोणचं खाणं सोडलं, पण ते नंतर.

फुलं होती तेव्हाच प्रमिलाबाई सौंसरहून आल्या. बाबू फाटकाशी उभे होते, हातानं दाखवत, जणू झाड त्यांनीच दुकानातून आणलं होतं. प्रमिलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. वर फुलांकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग खाली वाकून बुंध्याजवळची माती चिमटीत घेतली, आणि विचारलं, "याले काय केलं तुमी?"

बाबूंनी सांगितलं. सगळं सांगितलं, मोठ्या हौसेनं, कोण काय म्हणालं, साहेब काय म्हणाले, फुलकोबीसुद्धा सांगितली. प्रमिलाबाईंनी साडी खोचली, बादली भरली आणि धुण्याच्या दगडावर बसून प्रवासातले कपडे धुवायला लागल्या. फार आनंद झाला की माणूस गप्प होतं, असं बाबूंनी स्वतःला समजावलं.

फुलांची फळं झाली. वाटाण्याएवढी हिरवी, फांदीफांदीवर गच्च. बाबूंनी टोपली विकत आणून ठेवली. मग एक दिवस अंगणात हिरवे वाटाणे पडलेले दिसले. नत्थूजी म्हणाले, जास्तीचे गळतेतच. दुसऱ्या दिवशी आणखी पडले. प्रमिलाबाई रोज सकाळी झाडून काढत, टोपलीत भरत, आणि टोपली उकिरड्यावर नेत. पोळा जवळ आला तोवर वर एकही नव्हतं. पानं पिवळी पडली, शेंड्याकडच्या काड्या वाळल्या, सालीतून डिंक ओघळायला लागला. शेजाऱ्यांनी नेमकं तेव्हाच यायचं सोडलं.

बाबूंनी नत्थूजींना बोलावून आणलं. नत्थूजींनी बुंधा उकरला, आत हात घातला, आणि जाड्या मुळ्यांची कुजलेली थोटकं बघून त्यांचा चेहरा उतरला. जाड्या कोणी तोडल्या? गुरुजी कुंपणापलीकडे उभेच होते. त्यांनी तिथून विचारलं, बारीक कोणी तोडल्या? कित्येक महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले ते असे. आणि बोलता बोलता दोघांचं एकमत झालं. नत्थूजी म्हणाले, "दोघायचं ऐकाचं नसते ना, तुळशीरामजी. माणसानं एकाचं ऐकावं." गुरुजींनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं सुरू झालं आणि गुरुजी टीव्ही बघायला जाऊ लागले. त्याच आठवड्यात गुरुजींची न्हाणी पडली. जी मुळी भिंत उचलत होती तिनंच ती धरून ठेवली होती, आणि आता ती आत कुजली होती. न्हाणीचा दोषही बाबूंच्याच नावावर लिहिला गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. सावरगाव आणि पांढुर्णा नदीच्या दोन काठांवर उभं राहतं, मध्ये तोडून आणलेला पळस रोवतात आणि दिवसभर गोटे चालतात. गल्लीत माणूस नव्हतं. पुरुष नदीवर, बायका दारं लावून आत, कोणाकोणाची वाट बघत. ढोल आणि आरडाओरडा ऐकू येत होता. बाबूंना रक्त बघवत नसे, ते कधीच जात नसत. अंगणात दोघंच होते. झाड वाळलं होतं. बाबूंना त्या पळसाचा विचार आला. त्यालाही मुळं नसतात. पण त्याच्याकडून कोणी बहाराची अपेक्षा ठेवत नाही.

"ताईत कोठी आहेत?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

बाबू गोंधळले. ते तुझे होते का, म्हणाले.

"आत्याबाईनं बांधले होते मले, तुमच्या मायनं. एक सुटला का दुसरा. त्या गेल्या तवा म्या सगळे सोडले, खड्ड्यात टाकले अन् वरून हे झाड लावलं. मनाशी म्हटलं, आता याले कोणी काही मागाचं नाई." त्या झाडाकडे बघत होत्या, नवऱ्याकडे नाही. "मले याचे संत्रे नव्हते पाहिजे. हे मले तसंच बरं वाटे."

बाबूंनी सांगायचा प्रयत्न केला. शोभाबाई काय बोलल्या ते सांगितलं, आपल्या कानावर ते पडलं होतं हेही सांगितलं. तुयासाठीच केलं, ते म्हणाले.

"आत्याबाईबी तेच म्हणत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुयासाठीच करून राहिले, म्हणत. ताण काय असते ते मले नका सांगू. उपास करवले. काढे देल्ले, पोटात आग पडे. वैशाखात उघड्या पायानं तिगावच्या बाबापाशी धाडलं." मग रोजच्या आवाजात, "मलेबी लागलं होतं एकदा. असंच, वाटाण्याएवढं असन. गळलं. डाक्टरीणबाई म्हणली, आतून खराब झालं, आता होत नाई. आत्याबाई तिथंच होत्या."

नदीकडून मोठा गलका आला आणि बसला. बाबू खाटेच्या कडेला बसले होते. ते रोज लोकांची लेकरं लिहीत, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात एक आलं-गेलं, ते कोणत्याच रकान्यात नव्हतं. "मले काहून नाई सांगतलं?" ते म्हणाले.

"तुमी इचारलं नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "झाडाचं बी तसंच. नत्थूजीले इचारलं, गुरुजीले इचारलं, सौंसरच्या साहेबाले इचाराले गेले. मी तं तिथंच होते, सौंसरले. मले नाई इचारलं."

संध्याकाळी नदीवरून लोक परत येऊ लागले, काही दुसऱ्यांच्या खांद्यावर. बाबू उठून फाटक लावून आले.

दिवाळीनंतर त्यांनी वाळलेलं झाड बुडापासून कापलं. नत्थूजी आले नाहीत, गुरुजी आले पण न्हाणीबद्दल बोलून गेले. हिवाळ्यात धुण्याच्या दगडाच्या बाजूनं, थोटकाच्या अगदी खालून, एक कोंब वर आला. दगडाखालच्या त्या एका मुळीला प्रमिलाबाईंच्या धुण्याचं पाणी मिळत राहिलं होतं. कोंबाला काटे होते. ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. नत्थूजींनी सांगून पाठवलं की तो संत्रा नव्हे, ज्या जंबेरीवर संत्र्याच्या कलमाचा डोळा बांधला होता ती खालची रानटी जंबेरी आहे, आंबट, कापून टाका. गुरुजींचं मत पडलं की कापू नये, त्यावर नवा डोळा बांधावा, मुळी जुनी आहे तर फळ लवकर धरेल.

संक्रांतीला बायका पुन्हा अंगणात जमल्या. या वेळी बाबू आतल्या खोलीत बसले नाहीत. बायकांच्या मध्ये पुरुष शर्ट घालून बादली घेऊन उभा राहिला, याचं सगळ्यांना फार अवघड झालं. शोभाबाईंनी काही तरी बोलायचं म्हणून कोंबाकडे बघितलं आणि बाबूंना विचारलं, याले फळ येईन का?

"तिले इचारा," बाबू प्रमिलाबाईंकडे बोट करून म्हणाले.

बायका पुन्हा बांगड्यांकडे बघू लागल्या. बाबू बादली घेऊन कोंबापर्यंत गेले, ओणवे झाले, आणि तिथेच थांबले. पाणी ओतायचं सोडून ते प्रमिलाबाईंकडे बघत राहिले.

"देऊ का?" त्यांनी विचारलं.

प्रमिलाबाईंच्या हातात तीळगुळाची वाटी होती. इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. त्या जवळ आल्या, खाली वाकल्या, माती चिमटीत धरून बघितली.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "वल आहे अजून."

बाबूंनी बादली खाली ठेवली.